एजंट बंगल्याचा रुमाल

“सातपुते गेले, त्यांच्याबरोबर चौकशीही गेली. देव असं एकदम मोकळं करतो माणसाला,” प्रतापराव रणनवरे म्हणाले.

तात्यांना, माझ्या वडिलांना, जाऊन आठवा दिवस होता. भेटायला येणारे सगळे सतरंजीवर बसत. रणनवऱ्यांनी गुडघ्याचं कारण सांगून खुर्ची मागून घेतली होती आणि घरात खुर्ची एकच होती, तात्यांची. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सुतकाच्या घरी चहा विचारायचा नसतो, याचं त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

“मोकळं कशातून?” मी विचारलं.

“आता तुम्हीच सांगा. चौतीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये काढलेला माणूस, आणि नेमका एजंट बंगल्याचाच रुमाल त्यांच्या ताब्यातून गहाळ व्हावा? लोक बोलतात. आपण कुणाकुणाचं तोंड धरणार? पण मयताची चौकशी चालत नाही. फाइल बंद. वहिनींनाही आता निवांतपणा.”

तात्या हरणगावच्या कचेरीत अभिलेखपाल होते. जुने कागद तिथे कापडात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. एजंट बंगला म्हणजे गावाबाहेरच्या टेकाडावरची दगडी इमारत. संस्थान होतं तेव्हा इंग्रजांचा एजंट तिथे राहायचा. संस्थान गेलं, इंग्रज गेले, बंगला सरकारचा झाला. पंचवीस वर्षं तिथे मुलींचं वसतिगृह होतं आणि व्हरांड्यात वाचनालय. गावातल्या मुलींनाही तिथे बसू देत. मी आयुष्यात पहिली शंभर पुस्तकं वाचली ती त्या व्हरांड्यात. पुढे पुण्याला कॉलेजात ग्रंथपाल झाले.

रणनवऱ्यांचं म्हणणं असं की जागा त्यांच्या पणजोबांची, एजंटाला नुसती भाड्यानं दिलेली. तेव्हा सरकारनं ती परत करावी. त्यांची शिक्षणसंस्था होती, पण तिथे त्यांना हॉटेल बांधायचं होतं हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पणजोबांनी त्या टेकाडाच्या बदल्यात नदीकाठची जमीन घेतली, असा एक दस्त कचेरीत होता. तो निघाला की दावा तिथेच संपत होता. सूचीत त्याची नोंद होती, मात्र फडताळात रुमाल नव्हता. तीन वर्षं तो कुणाला सापडला नव्हता आणि तीन वर्षं तात्यांवर चौकशी लागलेली होती. दाव्याची शेवटची सुनावणी सोमवारी होती. रणनवरे आले तो गुरुवार.

“घरी काही कागद राहिले असतील तर बघा हं,” ते उठता उठता म्हणाले. “मी माणूस पाठवतो. तोच शोधेल, तुम्हाला त्रास नको.”

“माझे वडील कचेरीतली टाचणीसुद्धा घरी आणत नसत.”

“टाचणी नसतील आणत,” ते हसले. “बरं, येतो मी.”

“सुतकाच्या घरून निघताना येतो म्हणत नाहीत,” आई दारातूनच म्हणाली. आठ दिवसांत परक्या माणसाशी ती बोललेलं ते पहिलं वाक्य.

ते गेल्यावर मी मागच्या दारी आले. तिथे पायरीवर गफूरचाचा बसले होते. कचेरीतले शिपाई, सव्वीस वर्षं तात्यांच्या हाताखाली काढलेली. केव्हा आले होते कोण जाणे.

“गेला का?”

“गेले.”

“भाऊसाहेबांच्या खुर्चीत बसला ना? मला आवाजावरनं कळलं. ती खुर्ची कुरकुरत नव्हती कधी.” त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “माई, उद्या सकाळी कचेरीत टेंपो लागतोय. ड वर्गाचा.”

ड वर्ग म्हणजे काय ते त्यांना मला सांगावं लागलं नाही. इतर मुलांना बाप पाढे विचारतात, तसे तात्या मला रंग विचारायचे. कायम ठेवायचे कागद अ वर्गात, त्यांना लाल कापड. तीस वर्षं ठेवायचे ते ब, हिरवं. दहा वर्षांचे क, पिवळं. आणि वर्षभरानं फाडून टाकायचे ते ड, पांढरं. “जमिनीचा दस्त?” “लाल!” “किरकोळ रजेचा अर्ज?” “पांढरा!” “आणि शैलीचं प्रगतिपुस्तक?” “लाल, लाल!” मी ओरडायची. दर मार्चमध्ये आदल्या वर्षीचे पांढरे रुमाल टेंपोत घालून कागदाच्या कारखान्याला पाठवत आणि त्यांच्या जागी नवे पांढरे रुमाल बांधत.

“मग?” मी म्हटलं.

“ड वर्गाला आमच्यात कोण हात लावतो, माई? फाडायचाच तो कागद. शिपायानं कसाबसा बांधायचा नि फेकायचा. पण भाऊसाहेब गेली तीन वर्षं मार्चात पांढरे रुमाल बांधायला स्वतः बसायचे. पहिली दोन वर्षं नोकरीत होते, म्हटलं असेल काही. पण रिटायर झाल्यावर गेल्या साली पण आले. नवा रेकॉर्डवाला पेंढारकर हसला. म्हणाला, म्हाताऱ्याला घरी करमत नाही. मी म्हटलं, भाऊसाहेब, उठा, पाय आखडतील, मी बांधतो. तर मला म्हणतात, गफूर, तू चहा सांग.”

“आणि?”

“आणि काय. चहा सांगायला गेलो. परत आलो तर सगळे बांधून झालेले.” ते उठले, टोपी घातली. “मी काही बघितलं नाही. मी फक्त टेंपो लागतोय एवढंच सांगायला आलो होतो.”

गेल्या मार्चमध्ये मी घरी आले होते. तात्या दुपारी कचेरीतून आले, शर्टावर धूळ, डोक्यावर धूळ, आणि भलतेच खुशीत. जेवताना दोनदा आमटी मागितली. मी चिडले होते. जिथे तुम्हाला चोर म्हणतात तिथे फुकट राबायला का जाता, असं मी विचारलं होतं. “काम राहिलं होतं,” ते म्हणाले. मग मी, जे मनात दोन वर्षं होतं ते बोलून गेले. “तात्या, तुम्ही तो रुमाल कुणाला दिला का?” त्यांनी ताटातून वर पाहिलं. “नाही,” म्हणाले आणि भात कालवायला लागले. पुढे त्या विषयावर आम्ही बोललो नाही. या जानेवारीत अर्धांगवायूचा झटका येऊन त्यांची वाचा गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपला घातल्या तेव्हा काका ओसरीवर दात घासत होते. तात्यांचे धाकटे भाऊ. दिवसांसाठी येऊन राहिले होते.

“कुठे?”

“कचेरीत.”

“नवव्या दिवशी? सुतक फिटलेलं नाही अजून. आणि कचेरीत? तिथे आपलं नाव काय कमी निघालंय?”

“जाऊ दे तिला, भाऊजी,” आतून आई म्हणाली. “मला घराबाहेर पडता येत नाही म्हणून. नाहीतर मीच गेले असते.” तिला मी काही सांगितलं नव्हतं. गफूरचाचा पायरीवर बोलत होते तेव्हा ती आत मोरीवर भांडी घासत होती, एवढंच.

कचेरीच्या आवारात टेंपो उभा होता. निम्मा भरला होता. दोन हमाल पांढरी गाठोडी आत भिरकावत होते, आणि तात्यांच्या जागी आलेले पेंढारकर यादीवर खुणा करत होते.

“अरे, तुम्ही? सुतकात आहात ना?”

“हे गठ्ठे मला बघायचे आहेत.”

“कशाला? रद्दी आहे ती. आदेश झालाय, सही झालीय.”

“कारखान्यात जायच्या आधी बघायचे आहेत.”

“तसं चालत नाही, मॅडम. तुम्ही ग्रंथपाल आहात, तुम्हाला सांगायला नको. अर्ज करा, तहसीलदार साहेब मीटिंगहून आले की बघतील.”

“ते येईपर्यंत टेंपो थांबेल?”

“टेंपो कसा थांबेल? भाड्याचा आहे.”

मी टेंपोच्या मागच्या फळीला हात घातला. साडी नेसलेली, फळी छातीएवढी उंच. तेवढ्यात कुणीतरी माझ्या पायाजवळ स्टूल आणून ठेवलं. गफूरचाचा. ते स्टूल ठेवून लगेच दुसरीकडे बघायला लागले. मी वर चढले आणि गठ्ठ्यांवर बसले.

“ओ ताई,” ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढली, “वजनकाट्यावर जायचंय. तुमचं वजन रद्दीत धरायचं का?”

“धरा.”

पेंढारकरांचा चेहरा लाल झाला. “बाई, खाली उतरा. शासकीय कामात अडथळा होतोय. पोलीस बोलवावे लागतील.”

“बोलवा. पंचनाम्याला लागतीलच.”

“कसला पंचनामा?”

ते मलाही नीट माहीत नव्हतं. मी एकेक गठ्ठा उचलून बघू लागले. कापड सगळं एकसारखं, मळकं पांढरं. वर वर्ष लिहिलेलं, अनुक्रमांक लिहिलेला. मी गाठ बघत होते. आम्ही कोष्टी. आजोबांनी जन्मभर हातमाग चालवला. मागावर तुटलेलं सूत जोडायला जी बारीक, चपटी गाठ मारतात, तीच तात्या सगळ्याला मारायचे: माझ्या पुस्तकांच्या पार्सलला, लोणच्याच्या बरणीच्या फडक्याला, मच्छरदाणीला. ओढली की घट्ट होते, टोकं आखूड राहतात आणि सहज सुटत नाही. शिपायांनी बांधलेल्या गठ्ठ्यांना सुरगाठी होत्या, नाहीतर नुसता पीळ.

तास गेला. आवारात माणसं जमली. दाखल्याच्या रांगेतली माणसं रांग सोडून आली. कुणी विचारलं, “उपोषण आहे का?” कुणी म्हणालं, “सातपुत्यांची मुलगी आहे. बाप गेल्यापासून...” आणि पुढचं हातानं दाखवलं. टेंपोत अजून गठ्ठे टाकायचे होते. हमाल बिडी ओढत बसले. मी घामानं भिजले होते. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती ती पोलिसांची नव्हती. एकही गाठ सापडली नाही तर काय, ही होती.

चाळिसाव्या की पन्नासाव्या गठ्ठ्यावर ती गाठ होती.

मी तो मांडीवर घेतला. उघडला नाही. आत रजेचे अर्जही असू शकत होते. पेंढारकर पुढे आले, हात पुढे केला. “द्या इकडे.”

“तहसीलदारांसमोर उघडायचा. दोन पंच बोलावून.”

“मी इथला अभिलेखपाल आहे!”

“म्हणूनच.”

त्यांनी मोबाइल काढला आणि लांब जाऊन कुणाशीतरी बोलले. तहसीलदार आले नाहीत. वीस मिनिटांत पांढरी गाडी आली आणि त्यातून रणनवरे उतरले. त्यांच्या गुडघ्याचं त्या दिवशी काही दिसलं नाही.

“अरेरे, हे काय मांडलंय?” ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “दुःखानं माणसाला काही सुचत नाही. पेंढारकर, बाईंना पाणी द्या. उतरा बेटा, मी वडिलांसारखा आहे.”

“मला सगळं सुचतंय. आणि माझे वडील एकच होते.”

गर्दीत कुणीतरी हसलं. रणनवऱ्यांनी तिकडे पाहिलं तसं ते हसू थांबलं, पण मागून दुसरं आलं.

साडेबाराला तहसीलदार आले. देसले नावाचे, तिशीतले, दोन महिन्यांपूर्वी बदलून आलेले. त्यांच्या आधीचे साहेब तीन वर्षं होते. त्यांनीच तात्यांवर चौकशी लावली होती. देसल्यांनी माझं ऐकलं, पेंढारकरांचं ऐकलं, टेंपोकडे बघितलं आणि म्हणाले, “पंच कोण होतंय?” टेंपोचा ड्रायव्हर आणि समोरचा चहावाला झाले. व्हरांड्यात टेबल आणलं. गाठ मीच सोडली. शेवटी दातांनी सोडली.

वर रजेचे अर्ज होते. तीसेक असतील. पेंढारकरांनी मोठा श्वास सोडला. मी अर्ज उचलून बाजूला ठेवले.

खाली लाल कापड होतं.

मागून गफूरचाचा हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “लाल.”

लाल रुमालात सगळं होतं. मोडीतला अदलाबदलीचा दस्त, संस्थानची मोहोर. त्याची इंग्रजी नक्कल. टेकाडाचा हातानं काढलेला नकाशा. संस्थान विलीन झालं तेव्हा बंगला सरकारच्या ताब्यात दिल्याची पावती. आणि सगळ्यांच्या वर तीन छापील मागणीपत्रं.

रेकॉर्ड रूमचा नियम असा की कुठलाही रुमाल जागेवरून हलला की मागणीपत्र भरायचं: कुणी मागितला, कधी, कशासाठी. त्याशिवाय कागद हलत नाही, कलेक्टरसाठीसुद्धा नाही. तिन्ही पत्रं तात्यांच्या अक्षरात होती. पहिल्यावर तीन वर्षांपूर्वीची तारीख. मागणी करणार: मु. बा. सातपुते. देणार: मु. बा. सातपुते. कोठून: अ वर्ग. कोठे: ड वर्ग. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘साहेबांनी हा रुमाल तोंडी मागितला. मागणीपत्र देण्यास नकार. नेण्यासाठी रणनवरे यांची गाडी आली होती. दिला नाही.’

दुसऱ्या वर्षीच्या पत्रावर, कोठून: जुना ड वर्ग. कोठे: नवा ड वर्ग. कारण: ‘वरीलप्रमाणे.’

गेल्या मार्चचं तिसरं: ‘वरीलप्रमाणे. आता सेवेत नाही, तरी सही माझीच.’

देसल्यांनी तिन्ही वाचली, पालथी ठेवली. रणनवऱ्यांना लांबून अक्षर वाचता आलं नसावं, पण चेहरे वाचता येत होते. “रद्दीतून निघालेले कागद,” ते म्हणाले. “कुणीही कोंबले असतील. सोमवारी आमचे वकील हेच विचारणार, साहेब. विचार करून काय ते लिहा.”

देसल्यांनी मला आत बोलावलं. पंखा लावला, पाणी पुढे केलं. दाराशी गफूरचाचा उभे राहिले.

“मॅडम, तुमच्या वडिलांवरचा आरोप संपला,” ते म्हणाले. “कागद कचेरीबाहेर गेलाच नव्हता. मी पंचनाम्यात लिहितो: अभिलेखपालांच्या नजरचुकीनं अ वर्गाचा रुमाल ड वर्गात बांधला गेला, आज मिळून आला. तुम्ही तसं निवेदन द्या. वय झालं होतं, डोळ्यांना कमी दिसत असेल. कुणालाही पटेल.”

“आणि ही पत्रं?”

त्यांनी ती माझ्याकडे सरकवली. “ही काही शासनाची म्हणता येणार नाहीत. तुम्ही घेऊन जा. वडिलांचं अक्षर आहे. घरी राहू दे.”

मी ती हातात घेतली. तिसऱ्यावरची सही थोडी थरथरली होती. झटका यायच्या दहा महिने आधीची. घरी त्यांच्या अक्षरातलं काहीच नव्हतं. ते पत्रं लिहीत नसत, किराण्याची यादीसुद्धा आईच लिहायची. ती तीन पत्रं मला हवी होती. पर्समध्ये ठेवली असती तर कुणी काही म्हटलं नसतं, देसलेही नाही. मी ती बराच वेळ धरून बसले. मग टेबलावर परत ठेवली.

“नजरचूक नव्हती ती,” मी म्हटलं. “चौतीस वर्षांत त्यांनी एक रुमाल चुकीच्या कापडात बांधला नाही. हा एकच बांधला. मुद्दाम.”

“तसं लिहिलं तर त्याचा अर्थ काय होतो तुम्हाला माहीत आहे? शासकीय अभिलेख दडवला. तो गुन्हा आहे, कारण काहीही असो. आणि हा कागद अ वर्गाचा. तुमचं निवेदन याच रुमालात जाणार. शंभर वर्षांनी कुणी उघडलं तरी त्यात वडिलांच्या नावापुढे हेच असणार.”

“असू दे.”

“मॅडम, मी तुमच्या भल्याचं सांगतोय.”

“ते कळतंय मला. पण नजरचूक म्हटलं तर बाहेर उभे आहेत ते सोमवारी म्हणतील, कुणीतरी मागाहून कोंबला. तीन वर्षं हा कुठे होता, कुणाच्या हातात होता, याला उत्तर राहत नाही. मुद्दाम ठेवला म्हटलं की प्रत्येक तारीख आहे, प्रत्येक सही आहे.” माझा आवाज चढला होता, मी तो खाली आणला. “आणि त्यांना म्हातारपणी दिसत नव्हतं असं मी लिहून द्यायचं? त्यांना सगळं दिसत होतं. म्हणून तर लपवला.”

देसल्यांनी पत्रं पुन्हा स्वतःकडे ओढली. “माझ्या आधीच्या साहेबांवर ठपका येतो याच्यात. हे पत्र एकट्याचं. मयत माणसाचं. साक्षीदार कोण?”

“मी होतो, साहेब,” दारातून गफूरचाचा म्हणाले.

“कशाला होता?”

“साहेबांनी मलाच पाठवलं होतं रुमाल आणायला, पिशवी देऊन. खाली रणनवऱ्यांची गाडी उभी. भाऊसाहेब म्हणाले, चिठ्ठी आण, मग देतो. मी वर सांगायला गेलो, साहेबांनी शिव्या घातल्या. परत खाली आलो तर भाऊसाहेब म्हणाले, सापडत नाही. पाच मिनिटांत सापडेना झाला.” ते जरा हसले. “मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.”

“नोकरी किती राहिलीय तुमची?”

“अकरा महिने.”

“मग कशाला यात पडता, चाचा?”

“अकरा महिने आहेत म्हणूनच की, साहेब. नंतर माझी साक्ष कोण विचारतंय?”

देसल्यांनी कोरा कागद माझ्यापुढे ठेवला. मी लिहायला दीड तास घेतला. कुठेही विशेषण घातलं नाही. गफूरचाचांनी खाली सही केली, सगळं नाव सावकाश, शेवटच्या अक्षरापर्यंत. देसल्यांनी मागणीपत्रांवर अनुक्रमांक टाकले, लाल रुमालात ठेवली, आणि निवेदनाची एक नक्कल शिक्का मारून मला दिली.

बाहेर रणनवरे गाडीला टेकून उभे होते. “काय, ठरवलंत बापाला चोर?”

“लिहून दिलं. कुणापासून लपवलं तेही.”

सोमवारी सुनावणीत त्यांच्या वकिलानं कोंबाकोंबीचा मुद्दा काढलाच. मग मागणीपत्रं वाचली गेली, गफूरचाचांना उभं केलं गेलं. निकाल दीड महिन्यानं लागला. बंगला सरकारचाच राहिला. या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. तिथे पुन्हा वसतिगृह झालेलं नाही, छत दोनदा दुरुस्त करून तिसऱ्यांदा गळतंय, पण तो कुणाला विकला जाऊ शकत नाही. आधीच्या साहेबांना कुणी काही विचारलं की नाही, मला ठाऊक नाही. तात्यांच्या चौकशीवर ‘मयत, प्रकरण बंद’ असा शेरा पडला आणि त्याखाली माझ्या निवेदनाचा हवाला.

हे सगळं नंतरचं. तेराव्याचं जेवण मंगळवारी होतं. आदल्या दिवशीची बातमी तोवर गावभर झाली होती. पंगत उठल्यावर माणसं ओसरीवर सुपारी खात बसली, आणि काकांनी सगळ्यांच्या देखत विचारलं, “तू कचेरीत नक्की काय लिहून दिलंस? लोक म्हणतात, पोरीनंच बापाचा गुन्हा कबूल केला.”

मी आत जाऊन नक्कल आणली. वाचायला सुरुवात केली. माझं नाव, वय, नातं. मग: “माझे वडील कै. मुरलीधर बाबूराव सातपुते यांनी सदर रुमाल जाणीवपूर्वक दडवून ठेवला. तो त्यांच्याकडे नियमाविरुद्ध मागण्यात आला होता. त्यांनी तो दिला नाही. त्याबद्दल त्यांच्यावर झालेली चौकशी त्यांनी तीन वर्षं सोसली आणि कुणालाही, घरातही, कारण सांगितलं नाही. त्यांच्याकडून चूक झालेली नाही.”

“बास,” काका म्हणाले. “पाहुण्यांसमोर हे काय वाचतेस? दडवला म्हणे! माझ्या भावाला जन्माचा गुन्हेगार करून ठेवलंस, आणि वर वाचून दाखवतेस.”

आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. त्या तीन वर्षांत तिनं तात्यांना कधी काही विचारलं होतं का, मला माहीत नाही. मी विचारलं होतं, हे तिला माहीत होतं. ती ओसरीवर आली आणि सगळ्यांच्या समोर खाली बसली.

“पुन्हा वाच,” ती म्हणाली. “दडवून ठेवला, तिथपासून. जरा मोठ्यानं.”

मी पुन्हा वाचलं.